गाव, नाव आणि द्रोम

रोमानी भाषेत गावाला 'गाव' म्हणतात आणि नावाला 'नाव'. संस्कृतातल्या ग्राम आणि नाम या शब्दांतला म झिजून त्याचा व झाला, तो आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही. जुन्या मराठी छपाईत गांव, नांव असा डोक्यावर अनुस्वार असायचा, ती त्या हरवलेल्या म-ची शेवटची खूण. रोमानीत तीही उरलेली नाही. ही भाषा बोलणारी माणसं युरोपभर पसरलेली आहेत. ती बोलणाऱ्यांची संख्या ३५ लाखांच्या वर असावी असा भाषाशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपण ज्यांना सवयीने 'जिप्सी' म्हणतो ते हे लोक. जिप्सी हा शब्द इजिप्तवरून आला. हे लोक तिकडचे असावेत अशी युरोपची समजूत झाली होती. ते स्वतःला रोम म्हणतात, अनेकवचनी रोमा, आणि बोलण्याला 'रोमानी छिब'. छिब म्हणजे जीभ.

माझ्या घरची बोली मालवणी. प्रमाण मराठी मी शाळेत शिकलो. त्यामुळे एखाद्या भाषेला 'बोली' म्हणून बाजूला सारलं जातं तेव्हा काय होतं याची थोडी जाण घरातूनच मिळाली. रोमानीकडे मी वळलो तो केवळ शब्दांच्या ओढीने. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाच्या पुढाकाराने रोमानीच्या निरनिराळ्या बोलींचा 'रोमलेक्स' हा मोठा शब्दसंग्रह तयार झाला आहे. तो चाळायला घेतला की सोडवत नाही.

सर्वनामंच बघा. मे, तू, आमेन, तुमेन. मी, तू, आम्ही, तुम्ही. 'कोन' म्हणजे कोण. 'जा' म्हणजे जा, 'खा' म्हणजे खा, 'पी' म्हणजे पी, 'मार' म्हणजे मार. नाकाला नाख, कानाला कान, माणसाला मानुश. फ्रान्समधल्या एका रोमा समूहाचं नावच मानुश आहे. जँगो राइनहार्टने जगभर पोचवलेलं गिटारवरचं जॅझ तिकडे 'मानुश जॅझ' म्हणून ओळखलं जातं.

शब्दांच्या साम्याने माणूस हरखतो, पण मला खरा धक्का बसला तो व्याकरणाने. शाळेत आपण सामान्यरूप शिकतो: माणूस या शब्दाला प्रत्यय लागायच्या आधी त्याचं 'माणसा' होतं, मग माणसाला, माणसाचा, माणसाशी. रोमानीत अगदी हेच घडतं. मानुशचं आधी 'मानुशेस' होतं आणि मग त्याला प्रत्यय चिकटतात. मानुशेस्के म्हणजे माणसासाठी. मानुशेस्को खेर म्हणजे माणसाचं घर, आणि मानुशेस्की छाय म्हणजे माणसाची मुलगी. षष्ठीचा प्रत्यय मालकाकडे न बघता मालकीच्या वस्तूचं लिंग घेतो, आपल्या चा-ची-चे सारखा. हंगेरीतल्या किंवा स्लोव्हाकियातल्या एखाद्या वस्तीत, आजूबाजूला पूर्ण वेगळ्या घडणीच्या भाषा असताना, ही रचना शेकडो वर्षं लिपीशिवाय, शाळेशिवाय, फक्त आईकडून लेकराकडे जात राहिली.

इथे एक सापळा आहे. रोमानीत 'तो गेला' याला म्हणतात 'वोव गेलो', आणि 'ती गेली' याला 'वोय गेली'. माझ्यासारख्या मालवणी माणसाने हे वाचलं की त्याला आपल्या पडवीत उभं असल्यासारखं वाटतं, कारण आम्हीही 'तो गेलो' असंच म्हणतो. कोकणीतही तेच. इथून 'हे लोक मूळचे आपल्या किनाऱ्यावरचे' असं म्हणायला एकच उडी लागते. पण ती उडी चुकीची आहे. रोमानीत दोन स्वरांमधला जुना त बदलून ल होतो. भ्राता या शब्दाचा फ्राल होतो, मृतचा मुलो होतो, 'करतो' या अर्थाचं क्रियापद केरेल होतं. गेलोमधला ल त्याच वाटेने आलेला आहे. मराठी आणि कोकणीतल्या गेला-गेलोमधला ल वेगळा. तो प्राकृतातल्या 'इल्ल' या प्रत्ययातून आला असं मानतात. दोन वेगळ्या झऱ्यांचं पाणी एकसारखं दिसावं तसं हे साम्य आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नात्याचा पुरावा सारख्या दिसणाऱ्या शब्दांत नसतो, तो नियमाने बदललेल्या शब्दांत असतो.

आणि रोमानीचे नियम मोठे देखणे आहेत. घ, ध, भ हे आपले भारदस्त वर्ण तिथे ख, थ, फ होतात. घरचं खेर, भ्राताचं फ्राल, भगिनीचं फेन, भूमीचं फुव, घासचं (म्हणजे गवताचं) खास. दुधाचं काय झालं ते बघण्यासारखं आहे: शेवटच्या ध-मधला ह-कार उडी मारून शब्दाच्या सुरुवातीला गेला आणि दूधचं 'थुद' झालं. बांधणेमधल्या 'बंध'चं तसंच 'फांद' झालं. हे नियम पक्के लावून रोमानीची भारतातली जागा शोधली ती राल्फ टर्नर यांनी, १९२६ साली. त्यांच्या मांडणीनुसार ही बोली मूळची मध्य भारतातली, हिंदीच्या पूर्वजांच्या शेजारची. पण ती फार लवकर वायव्येकडे सरकली आणि तिथे बराच काळ राहिली. म्हणून तर त्रिन (तीन), द्राख (द्राक्ष), पात्रिन (पान) या शब्दांतली त्र आणि द्र ही जोडाक्षरं तिने सांभाळली, जी मध्य देशात पुढे झिजून गेली. आपल्या 'माशी'ला रोमानीत माखी म्हणतात. क्ष-चा मराठीने स-श केला, रोमानीने हिंदीसारखा ख केला. तेव्हा मराठी ही तिची सख्खी बहीण नव्हे, चुलत बहीण.

या चुलत नात्याचा मागोवा घेणारे एक फ्रेंच विद्वान होते, झ्यूल ब्लोक. मराठी भाषा कशी घडली यावरचा त्यांचा ग्रंथ आपल्याकडे भाषेचे अभ्यासक अजून उघडतात. त्याच ब्लोक यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९५३ मध्ये, रोमा लोकांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. ही जोडी मला अपघाती वाटत नाही.

आता मांडे या पदार्थाबद्दल. रोमानीत भाकरीला, रोटीला, पावाला शब्द आहे 'मान्रो'. त्याचं मूळ संस्कृतातला मंडक, म्हणजे पातळ पोळीचा एक प्रकार. त्याच मंडकाचे आपले मांडे: खापरावर, हाताच्या कोपरापर्यंत पसरवलेले, कागदासारखे पातळ. खानदेशात पुरणाचे, बेळगावकडे लग्नात साखरेचे. आपल्याकडे हा पदार्थ सणासुदीचा झाला, इतका दुर्मीळ की 'मनातले मांडे' असा वाक्प्रचारच रूढ झाला. तिकडे मात्र तोच शब्द रोजच्या घासाला चिकटून राहिला. सोळाव्या शतकाच्या मध्यावर अँड्र्यू बोर्ड नावाच्या इंग्रज वैद्याने आपल्या पुस्तकात 'इजिप्तच्या भाषेची' म्हणून काही वाक्यं लिहून ठेवली. ती इजिप्तची नव्हती, रोमानी होती. आज हाती असलेल्या रोमानीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी ती एक आहेत. आणि त्यातलं एक वाक्य आहे खायला मागण्याचं. बोर्डच्या वेड्यावाकड्या इंग्रजी लिखाणातूनही त्यातला मान्रो ओळखू येतो. भुकेल्या माणसाचा शब्द लिहिणाऱ्याच्या अज्ञानावर मात करून पोचला.

काही शब्दांनी पुढे आणखी मजल मारली. शस्त्रापासून रोमानीत 'सास्तेर' झाला, अर्थ लोखंड. रोमा लोकांत लोहार, तांबट, कल्हईवाले पुष्कळ. हत्यार मागे पडलं आणि धातू उरला. हा सास्तेर जर्मन बाजारबोलीत शिरला आणि आज कुठल्याही जर्मन माणसाच्या तोंडी 'त्सास्टर' म्हणजे पैसा. पांढऱ्याला रोमानीत 'पार्नो', पांडु या शब्दापासूनचा. स्पेनच्या रोमांच्या बोलीत त्याचं 'पार्ने' होऊन अर्थ झाला पैसे, बहुधा चांदीच्या पांढऱ्या नाण्यांमुळे. मुलाला रोमानीत 'छावो'. आपण सिंहाच्या बच्च्याला छावा म्हणतो आणि संभाजीराजांना त्या नावाने गौरवतो, शब्द तोच. स्पॅनिश भाषेत त्याचा 'चावाल' झाला, पोरगा या अर्थी, आणि तो राजमान्य कोशातही आहे. छाय, म्हणजे मुलगी, स्वीडिशमध्ये शिरून तिथला रोजचा, साधा शब्द झाला. इंग्रजीतला 'पाल', दोस्त या अर्थाचा, म्हणजे रोमानी फ्राल, भाऊ; सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो इंग्रजीत सापडतो. हे सगळे शब्द दरबारातून किंवा ग्रंथातून गेलेले नाहीत. घोड्यांचे बाजार, जत्रा, छावण्या, तुरुंग अशा ठिकाणी गरीब माणसं गरीब माणसांशी बोलली, त्यातून ते गेले. म्हणूनच त्यांतले बहुतेक पैशाचे, पोराटोरांचे, दोस्तीचे आणि खाण्यापिण्याचे आहेत.

पण आपल्याला ओळखू येणाऱ्या शब्दांवरच थांबलो, तर रोमानीचा निम्मा इतिहास हातातून निसटतो. मला सगळ्यात जास्त ओढ लागली ती आपल्याला न कळणाऱ्या शब्दांची. रोमानीत रस्त्याला 'द्रोम' म्हणतात, आणि द्रोम ग्रीक आहे. घोड्याला 'ग्रास्त', तो अर्मेनियन. मूळ अर्थ ओझ्याचं जनावर. गाडीला 'वुर्दोन', तो कॉकेशसमधल्या ओसेतियन भाषेतला. वाट, घोडा आणि गाडी: ज्या तीन गोष्टींवरून युरोपने रोमा माणसाचं चित्र रंगवलं, त्या तिन्हींचे शब्द भारत सोडल्यावर मिळालेले. दर्याला देर्याव, जोराला झोर, नशिबाला बाख्त. हे इराणमधून जाताना घेतलेले. दर्या आणि जोर आपणही फारसीकडूनच घेतले, बहामनी-आदिलशाहीच्या काळात, दख्खनमध्ये बसून. एकाच भाषेच्या दारात आपण पूर्वेकडून उभे होतो आणि ते पश्चिमेकडे जाता जाता थांबले होते. अर्मेनियनमधून भट्टीला बोव आला, आणि तिथल्या चर्चमधल्या उपासनेच्या शब्दावरून ईस्टरच्या सणाचं नाव आलं. ढोबळमानाने इराणी भाषांतले सत्तरएक, अर्मेनियनमधले चाळीसएक आणि ग्रीकमधले दोनशेच्या आसपास शब्द रोमानीच्या सगळ्या बोलींत समान आढळतात. यावरून मुक्काम किती काळाचे होते याचा अदमास येतो. एकोणिसाव्या शतकात, १८७२पासून पुढे, फ्रांत्स मिक्लोशिच यांनी व्हिएन्नात बसून याच उसन्या शब्दांवरून रोमांच्या प्रवासाचा नकाशा मांडला. लेखी पुरावा जवळजवळ नव्हता. ना ताम्रपट, ना बखर. शब्द होते.

एक ते दहा मोजा: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव, एफ्ता, ओख्तो, एन्या, देश. सहापर्यंत आपलं, सात-आठ-नऊ ग्रीक, दहा पुन्हा आपलं. लोहाराच्या कामातही हेच: लोखंड आपलं, पण ऐरण, हातोडा, घोड्याचा नाल ग्रीक. आशिया मायनरच्या बाजारात त्यांनी कुणासाठी काम केलं आणि कुणाशी घासाघीस केली, ते या यादीत उमटलं आहे. देवाला देवेल. ख्रिस्ती क्रुसाला 'त्रुशुल', म्हणजे त्रिशूळ. पहिल्यांदा चर्चवरचं ते चिन्ह बघून कुणीतरी आपल्याजवळचा सगळ्यात जवळचा शब्द त्याला दिला असणार. त्या क्षणाची कल्पना करताना माझ्या अंगावर काटा येतो.

हे नातं युरोपातल्या विद्वानांच्या ध्यानात आलं १७८२ साली. जर्मनीतल्या हाले इथल्या योहान र्‍युडिगर यांनी बार्बारा माकेलिन नावाच्या रोमा स्त्रीला काही जर्मन वाक्यं तिच्या भाषेत सांगायला लावली आणि ती एका मिशनऱ्याने लिहिलेल्या हिंदुस्तानी व्याकरणाशी ताडून बघितली. विल्यम जोन्स यांचं संस्कृत-ग्रीक-लॅटिनच्या नात्यावरचं कलकत्त्याचं प्रसिद्ध भाषण १७८६चं, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. र्‍युडिगरच्या लेखाचा सूरही सभ्य होता. रोमांच्या छळाबद्दल त्यात खंत होती. त्या लेखाच्या पुढच्याच वर्षी, १७८३मध्ये, हाइनरिश ग्रेलमान यांचं पुस्तक आलं, ते तुफान खपलं, आणि भारताशी असलेलं नातं लोकांना त्यातून कळलं. पण त्याच्या जोडीला चोर, आळशी, अस्वच्छ ही सगळी विशेषणंही विद्वत्तेचा शिक्का मारून पसरली. बार्बारा माकेलिनचं नाव भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मोठ्या अक्षरांत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

याच काळात राजे-राण्या ही भाषा बंद करू बघत होत्या. स्पेनमध्ये १६३३ आणि १७८३च्या फर्मानांनी रोमांचा वेश आणि बोली यांवर बंदी आली. हाब्सबुर्ग साम्राज्यात मारिया थेरेसा आणि तिचा मुलगा दुसरा योसेफ यांनी तेच केलं. मुलं आईबापांपासून तोडून दुसऱ्यांच्या घरी ठेवली. रोमानियाच्या भूमीवर तर रोमा माणसं १८५५-५६पर्यंत कायद्याने गुलाम होती. भाषा मारली की ती एकदम मरत नाही. आधी व्याकरण जातं. स्पेनच्या रोमांच्या 'कालो' या बोलीत आज रोमानी शब्द आहेत, पण त्यांना जोडणारं सगळं स्पॅनिश आहे. इंग्लंडमध्ये तसंच इंग्रजीच्या सांगाड्यावर रोमानी शब्द. मानुशेस्को खेरमधलं ते सामान्यरूप तिथे कुणाच्या तोंडी नाही. वेल्समध्ये मात्र ते विसाव्या शतकापर्यंत टिकलं होतं. लिव्हरपूलचे ग्रंथपाल जॉन सॅम्प्सन यांनी हार्प वाजवणाऱ्या वूड घराण्याच्या तोंडून ही बोली वर्षानुवर्षं ऐकली, टिपली आणि १९२६ साली तिचा कोश छापला. ती बोलणारं कुणी आता उरलेलं नाही.

शब्द गोळा करणं हे निरागस काम आहे असं मी समजत होतो, ते एफा युस्टिनबद्दल वाचेपर्यंत. ही जर्मन बाई नाझी राजवटीच्या वंशसंशोधन केंद्रात काम करायची. ती रोमानी बोलायची. जर्मनीतले सिंती रोमा तिच्या लाल केसांवरून तिला 'लोली छाय' म्हणायचे, लाल मुलगी, आणि आपली भाषा बोलणारी म्हणून तिला घरात घ्यायचे, नातीगोती सांगायचे. त्या माहितीतून वंशावळींची कार्डं तयार झाली आणि त्या कार्डांवरून माणसं छळछावण्यांत गेली. मुल्फिंगेन इथल्या अनाथालयातली सिंती मुलं तिने आपल्या डॉक्टरेटसाठी अभ्यासली. तिचा अभ्यास संपला आणि ९ मे १९४४ रोजी त्यांतल्या ३९ मुलांना आउश्वित्झला नेलं. चार वाचली. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री तिथली रोमांची छावणी उरल्यासुरल्या माणसांसकट संपवली गेली. युरोपभर मारल्या गेलेल्या रोमांचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत. युस्टिनला शिक्षा झाली नाही.

जर्मनीतले अनेक सिंती आजही आपली भाषा बाहेरच्या माणसाला शिकवत नाहीत. ते कोशाला विरोध करतात, व्याकरण छापायला विरोध करतात. बाहेरच्या माणसाला रोमानीत 'गाजो' म्हणतात. तुम्ही-आम्ही, आपल्या खा-पी-जा-मार सकट, त्यांच्या दृष्टीने गाजोच. आपल्याकडे अधूनमधून कुणी व्यासपीठावरून 'रोमा ही भारतमातेची लेकरं' असं म्हणतं, टाळ्या पडतात. भाव चांगला असेल. पण सात-आठशे वर्षं जे युरोपात जगले, राबले, मेले, त्यांच्या भाषेवर फक्त सहापर्यंतच्या आकड्यांच्या बळावर हक्क सांगणं मला पटत नाही. त्यांचं सात-आठ-नऊही तितकंच त्यांचं आहे.

पोलंडमध्ये ब्रोनिस्वावा वाइस नावाची कवयित्री होऊन गेली, लोक तिला पापुशा म्हणायचे. १९५०च्या आसपास येझी फित्सोव्स्की या पोलिश कवीने तिच्या कविता भाषांतरित करून प्रसिद्ध केल्या. समाजाने तिला गुपितं फोडल्याचा दोष देऊन वाळीत टाकलं. त्यानंतर १९८७मध्ये मरेपर्यंत ती जवळजवळ गप्पच राहिली. तिच्या माणसांवर मी रागावू शकत नाही. आउश्वित्झला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

आणि तरीही मिलेना ह्युब्शमानोव्हाही झाली. प्रागमध्ये हिंदी, उर्दू आणि बंगाली शिकलेली ही चेक मुलगी पन्नासच्या दशकात रोमा लोकांमध्ये गेली, आणि तिच्या लक्षात आलं की त्यांच्या बोलण्यातलं आपल्याला काहीबाही कळतंय. तिने पुढचं आयुष्य स्लोव्हाकियातून आलेल्या रोमांच्या घरी, स्वयंपाकघरात, लग्ना-मयतात बसून काढलं. ऐकून टिपून घेण्यावर ती थांबली नाही. सांगणाऱ्याला ती म्हणायची, तूच लिही, तुझ्या भाषेत. त्यातून चेकोस्लोव्हाकियात रोमानीत लिहिणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली. १९९१ साली चार्ल्स विद्यापीठात रोमानीचा अभ्यासक्रम सुरू झाला तो तिच्यामुळे, आणि त्याच वर्षी तिने सहकाऱ्यांबरोबर केलेला रोमानी-चेक कोशही आला.

उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येमध्ये, १९६३च्या भूकंपानंतर रोमा कुटुंबं जिथे वसवली गेली ती शुतो ओरिझारी ही वस्ती आता स्वतंत्र नगरपालिका आहे, आणि तिथे मॅसेडोनियनच्या जोडीने रोमानी ही अधिकृत भाषा आहे. नवे शब्द येतच आहेत: मॅसेडोनियनमधून, तुर्कीतून, अल्बेनियनमधून, आणि सगळ्यांसारखे इंग्रजीतूनही. बाहेरून आलेल्या नामाला रोमानी अजून ग्रीककडून घेतलेला शेवट लावते, आशिया मायनरमध्ये शिकलेल्या पद्धतीने. टेलिफोनचा 'तेलेफोनो' होतो, आणि मग पुढचे प्रत्यय त्याला नेहमीसारखे लागत जातात.